जुना गोठा, कोठार किंवा चाऱ्याची वखार वर्कशॉप आणि साठवणीसाठी वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतातली जुनी इमारत एका ठरावीक कामासाठी बांधलेली असते. तिथे गुरं बांधली गेली, चारा रचला, धान्य साठवलं, अवजारं ठेवली. त्या कामाने जाताना मागे बरंच काही ठेवलेलं असतं: भिंतीत क्षार, जमिनीत ओल, कुठेतरी झाकलेला खड्डा, आणि हलक्या ओझ्यापुरत्याच मजबूत तुळया. बहुतेक जण मशीन कुठे बसवायचं इथून विचार सुरू करतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी इमारतीचं जुनं काम समजून घ्या, मग पाण्याचा बंदोबस्त करा, आणि मशीनची जागा सगळ्यात शेवटी ठरवा. खालचे प्रश्नही साधारण त्याच क्रमाने घेतले आहेत.

इमारत राखण्याजोगी आहे की पाडलेली बरी, हे कसं ओळखायचं?

ओळंबा आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन अर्धा दिवस तिथे घालवला की बरंच कळतं. प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध ओळंबा सोडा. भिंत खालपासून वरपर्यंत एकसारखी थोडी कललेली असेल आणि कित्येक वर्षं तशीच उभी असेल, तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. मधेच पोट सुटलं असेल तर दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. वरचा भाग बाहेर ढकलला गेला असेल तर छप्पर भिंतींना रेटतंय, असं समजा.

लाकडाची खरी परीक्षा तुळईच्या टोकाला होते, जिथे ती भिंतीत शिरते. मधला भाग ठणठणीत असला तरी टोकं कुजलेली असतात, कारण भिंतीतली ओल तिथेच मुरते. स्क्रूड्रायव्हर टोकाजवळ जोर लावून दाबा. चांगलं लाकूड जेमतेम ओरखडा घेऊ देतं. कुजलेल्या लाकडात तो बोटभर आत जातो आणि काढताना भुसा गळतो. वाळवीने पोखरलेली तुळई वरून अखंड दिसते, पण ठोकली की पोकळ वाजते. बारीक गोल भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून ठेवा. काही आठवड्यांनी त्यावर ताजी फिकट भुकटी पडलेली असेल तर कीड अजून जिवंत आहे. लाकडातली ओल मोजण्याचं छोटं मीटर मिळतं. आकडा २० टक्क्यांच्या वर राहिला तर कुजण्याला पोषक परिस्थिती आहे असं धरा.

तड्यांच्या बाबतीत घाई नको. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करा, अंतर मोजून तारखेसकट लिहून ठेवा, आणि ओला व कोरडा असे दोन्ही ऋतू जाऊ द्या. न हलणारा तडा भरता येतो. हलणाऱ्या तड्याचं कारण बहुतेकदा इमारतीच्या पायात असतं. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवाच, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

शेतीच्या इमारतीत वर्कशॉप करायला परवानगी लागते का?

बहुतेक ठिकाणी लागते. इमारत शेतीच्या वापरासाठी म्हणून नोंदलेली असते आणि वापर बदलला की नियम, कर आणि विमा तिन्ही बदलतात. स्वतःच्या छंदाचं सुतारकाम आणि गिऱ्हाईक येणारा व्यवसाय यांतही फरक केला जातो. स्थानिक कार्यालयात आधी लेखी विचारा, आणि विमा कंपनीला वेल्डिंग किंवा ज्वलनशील सामान असेल तर ते स्पष्ट सांगा. छपरात वटवाघळं किंवा घुबडं असतील तर त्यांना हुसकावण्यापूर्वी चौकशी करा. बऱ्याच देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि पिल्लांच्या काळात कामच थांबवावं लागतं.

पैसे मर्यादित आहेत. पहिला खर्च कशावर करू?

छपरावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर. १०० चौरस मीटर छपरावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी खाली येतं. पन्हळ नसेल तर ते सगळं थेट पायाशी मुरतं.

मग बाहेरून इमारतीभोवती एक फेरी मारा. जुन्या इमारतींच्या बाहेर शेण, माती आणि पालापाचोळा साचत जाऊन जमिनीची पातळी हळूहळू वर आलेली असते. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली गेली की भिंत कायम ओली राहणार, आतून कितीही रंग लावा. बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली येईल इतकी काढा, आणि भिंतीपासून लांब जाणारा उतार द्या. एवढं केल्यावर कित्येक इमारती आपोआप सुकायला लागतात. म्हणून निदान काही महिने थांबून मगच आतल्या कामाला हात घालावा, असं मी आवर्जून सांगतो.

आतला कचरा झाडून काढला की झालं ना?

कोरडा झाडू अजिबात मारू नका. पक्ष्यांची, वटवाघळांची आणि उंदरांची विष्ठा वाळली की तिची धूळ फुफ्फुसात जाते, आणि त्यातून हिस्टोप्लाझ्मोसिस, हंटाव्हायरससारखे गंभीर आजार होऊ शकतात. बुरशी लागलेल्या जुन्या चाऱ्याची धूळही फुफ्फुसाला कायमची इजा करू शकते. दारं-खिडक्या उघडून जागेला हवा लागू द्या, चांगला बसणारा मास्क आणि हातमोजे घाला. विष्ठेवर पाण्यात मिसळलेलं ब्लीच हलक्या हाताने शिंपडून ती पूर्ण भिजू द्या, मग फावड्याने उचला.

कोपऱ्यात जुने डबे, पुड्या, नाव पुसलेल्या बाटल्या सापडतात. ती कीटकनाशकं असू शकतात, त्यात आता बंदी असलेलीही. उघडून वास घेऊ नका, नाल्यात ओतू नका. घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडेच द्या.

छपराला जुने सिमेंटचे नालीदार पत्रे आहेत. धोका आहे का?

जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. पत्रा अखंड आणि स्थिर असेल तर लगेचचा धोका कमी असतो. तो कापला, भोक पाडलं, घासला किंवा जोराच्या पाण्याने धुतला की तंतू हवेत सुटतात, आणि धोका त्या तंतूंचा आहे. आधी प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घ्या. काढायचे असतील तर त्या कामाचं प्रशिक्षण असलेल्यांकडूनच काढून घ्या. आणि अशा छपरावर चढू नका. जुना पत्रा ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाने अचानक तुटतो.

आवारात शेणामुताची जुनी टाकी आहे. ती साफ करून सामान ठेवायला वापरता येईल का?

त्या टाकीत उतरू नका. शेण कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणजे वास थांबला तेव्हा धोका सगळ्यात जास्त. अशा अपघातांत पहिला माणूस पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. टाकी व्यावसायिकांकडून रिकामी करून घ्या आणि भरून टाका. तोवर तिच्यावर माणसाचं आणि वाहनाचं वजन पेलणारं झाकण हवं. जमिनीवर एखादा भाग पोकळ वाजला तर त्यावरून गाडी नेण्यापूर्वी खाली काय आहे ते शोधा. जुन्या विहिरी आणि हौद नुसत्या फळ्या टाकून झाकलेले असतात.

भिंतीच्या खालच्या भागाला सतत पांढरी भुकटी येते. कितीदा पुसली तरी परत येते. का?

हा लोणा आहे, आणि जुन्या गोठ्यात तो असणारच. गुरं वर्षानुवर्षं एकाच जागी बांधली की मूत्र आणि शेणातलं नत्र जमिनीत आणि भिंतीत मुरतं. जिवाणू त्याचं नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे क्षार हवेतली ओल शोषून घेतात. म्हणून दमट दिवसांत भिंतीवर काळपट ओले डाग उमटतात आणि हवा कोरडी झाली की त्याच जागी पांढरी लव येते. छप्पर गळत नाही, बाहेर निचरा चांगला आहे, तरी भिंत ओली का, या कोड्याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं. हे माहीत नसल्यामुळे लोक ओलरोधक उपचारांवर पैसे घालवतात. त्या उपचारांचा उपयोग जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर. आधीच भिंतीत बसलेल्या क्षारांवर त्यांचा परिणाम होत नाही.

जवळून पाहिलं तर गव्हाणीच्या मागे आणि मोरीच्या कडेला लोणा सगळ्यात दाट दिसतो. वर सरकत जाल तसा तो विरळ होतो आणि एका वेड्यावाकड्या रेषेपाशी थांबतो. ती रेषा खडूने आखून ठेवा. क्षार कुठवर पोचले आहेत त्याचा तो नकाशाच आहे.

लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि पडलेली भुकटी गोळा करून इमारतीबाहेर न्या. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. नंतर त्या भागाला साधा चुन्याचा सच्छिद्र गिलावा करा. क्षार त्या गिलाव्यात येऊन साठतात आणि काही वर्षांनी तो खरवडून नवा करायचा. हे दर काही वर्षांचं काम आहे हे मान्य करूनच इमारत घ्यावी. आणि लोखंडी वस्तू त्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मूत्रातून आलेले क्लोराइड लोखंड फार लवकर खातात.

मग सिमेंटचा गिलावा करून भिंत एकदाची बंद का करू नये?

कारण आत अडकलेलं पाणी कुठेतरी जाणारच. माती, विटा, दगड आणि चुना यांच्या जुन्या भिंती ओल शोषतात आणि उडून जाऊ देतात. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो. मग ओल भिंतीत आणखी वर चढते आणि नेमकी तुळयांच्या टोकांपर्यंत पोचते. मातीच्या भिंतीत तर आतला भाग भिजून मऊ होतो, वरचं सिमेंट मात्र टणक राहतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. विटा-दगडांमधल्या दरजा (सांधे) भरायच्या असतील तर चुन्यातच भरा. आधी कोणी सिमेंट मारलं असेल आणि ते ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर तेवढं काढून टाका. घट्ट चिकटलेलं सिमेंट ओढून काढताना विटांचे टवके निघतात, तिथे थांबून विचार करा.

छपराखालच्या आडव्या तुळया डोक्याला लागतात. एखादी कापली तर?

कापू नका. छपराचे दोन्ही उतार आपल्या वजनाने भिंतींना बाहेर रेटत असतात आणि ती आडवी तुळई त्यांना एकमेकांशी बांधून धरते. ती कापली की काही दिवस काहीच होत नाही, म्हणूनच लोकांना वाटतं की ती फालतू होती. उंची हवीच असेल तर इंजिनिअरकडून पर्यायी ताण-पट्टी किंवा वर सरकवलेला जोड आखून घ्या. आधी तो बसवा, मग जुनी तुळई काढा. बहुतेक वेळा मशीनची जागा चार हात सरकवणं जास्त सोपं असतं.

माळ्यावर पूर्वी छपरापर्यंत चारा रचत असत. मग सामान ठेवायला काय हरकत आहे?

माळा भरलेला दिसायचा, पण चारा हलका असतो. मोकळ्या वाळल्या चाऱ्याचं वजन घनमीटरला १०० किलोपेक्षाही कमी भरतं, म्हणजे २ मीटर उंच ढिगाचं ओझं चौरस मीटरला २०० किलोंच्या आत. आता लोखंड पाहा. एक घनमीटर पोलादाचं वजन ७,८५० किलो. चौरस मीटरवर फक्त १० सेंटिमीटर उंचीचा पोलादाचा थर दिला तरी ७८५ किलो झाले. वाळलेलं लाकूड घनमीटरला ५०० ते ८०० किलो, आणि रंगाचे, तेलाचे डबे साधारण पाण्याइतके जड. शिवाय चारा सगळीकडे सारखा पसरलेला असायचा. रॅकचं वजन चार पायांवर येतं.

माळ्यावर हलकं आणि क्वचित लागणारं ठेवा: रिकामे खोके, फोम, साचे. वजनदार सगळं जमिनीवर. माळ्याच्या दारावर किती किलोपर्यंत वजन चालेल ते मोठ्या अक्षरांत रंगवा, म्हणजे दुसऱ्या कोणी सामान ठेवताना अंदाज बांधायला नको.

जमीन मातीची आणि उताराची आहे. सरळ काँक्रीट ओतू का?

त्याआधी पाया किती खोल आहे ते बघा. शेतातल्या इमारतींचे पाये उथळ असतात, कधी कधी पहिला दगड जवळजवळ जमिनीवरच ठेवलेला असतो. उंची मिळवायला आतून खोदत गेलात तर पायाखालची माती सुटते आणि भिंत आत सरकते. भिंतीलगत एक-दोन ठिकाणी छोटे खड्डे घेऊन पाया कुठे संपतो ते पाहा, आणि त्या पातळीच्या वरच थांबा. कमी खोदून जमीन थोडी वर घेणं चांगलं.

दुसरी गोष्ट, प्लास्टिक अंथरून भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट केलं की जमिनीतली ओल कडेने भिंतीत चढते. म्हणून मी भिंतीलगत हातभर रुंदीचा खडीचा पट्टा मोकळा ठेवण्याच्या बाजूने आहे. त्यातून ओल उडून जाते.

माती आणि गुरांच्या जागेचा काळपट थर काढून टाका, कारण क्षार तिथेच असतात. १५० मिलिमीटर भराव थराथराने ठोकून बसवा, वर वाळूचा पातळ थर, त्यावर ३०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, मग काँक्रीट. हातावरच्या कामाला आणि हलक्या मशीनना १०० मिलिमीटर जाडी पुरते, गाडी आत येणार असेल किंवा जड लेथ बसणार असेल तर १५० मिलिमीटर आणि सळईची जाळी. साधारण ३ मीटरवर सांधे ठेवा, नाहीतर काँक्रीट आपल्या मनाने तडकतं. निदान ७ दिवस ओलं ठेवा. जड मशीन २८ दिवसांनंतरच चढवा.

काँक्रीट घट्ट झालं म्हणजे वाळलं असं नव्हे. १०० मिलिमीटरच्या थराला वाळायला कित्येक महिने लागू शकतात. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने चिकटवून एक दिवस ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं, तर रंग किंवा इपॉक्सी लावायची वेळ आलेली नाही.

घरापासून तार ओढून वीज घेतली तर चालेल?

तारेची जाडी नीट काढली तर चालेल. अंतर वाढलं की व्होल्टेज पडतं, आणि कमी व्होल्टेजवर मोटर तापते. २० ॲम्पिअर भार आणि ५० मीटर अंतर धरू. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर सुमारे १८ व्होल्ट वाटेतच जातात, ४ ची घेतली तर ११, आणि १० ची घेतली तर साडेचारच्याही आत. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात १८ व्होल्ट म्हणजे जवळजवळ ८ टक्के. शिवाय मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या ५ ते ७ पट प्रवाह घेते, म्हणून लवकर न पडणारा, मोटरसाठीचा सर्किट ब्रेकर लागतो.

वर्कशॉपला स्वतंत्र वितरण बोर्ड, स्वतंत्र अर्थिंग आणि विजेची गळती ३० मिलिॲम्पिअरवर गेली की पुरवठा तोडणारं उपकरण हवंच. ओली जमीन आणि धातूची हत्यारं एकत्र आली की याला पर्याय नाही. आतल्या तारा धातूच्या नळीतून न्या, कारण उंदीर प्लास्टिकची नळी कुरतडतात. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

उजेड किती लागतो?

साठवणीला १०० ते २०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) पुरतात, कामाच्या बाकावर ५०० च्या आसपास हवेत. फिरणाऱ्या मशीनवर लुकलुकणारा दिवा नको. विशिष्ट वेगाला फिरतं पातं स्थिर असल्याचा भास होतो. भिंतींना चुना द्या, उजेड बराच वाढतो आणि भिंतीला श्वासही घेता येतो.

मशीन आणि हत्यारं गंजू नयेत म्हणून काय करू?

हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की लोखंड झपाट्याने गंजतं. पण त्याहून मोठा त्रास दवाचा. हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर सुमारे १७ अंशांच्या खालच्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमतं. रात्रभर थंड झालेलं जड ओतीव लोखंड सकाळी हळूहळू तापतं, हवा मात्र लवकर तापते आणि दमट होते, म्हणून दार उघडलं की मशीनला घाम फुटतो. पत्र्याच्या छपराला खालूनही असंच पाणी सुटतं आणि सामानावर ठिबकतं. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या, आणि भिंतीत खाली व आढ्याजवळ वर झरोके ठेवा. जुन्या इमारतींत ते आधीच असतात. लोकच थंडी वाजते म्हणून ते बुजवतात. गॅसची उघड्या ज्योतीची शेगडी पेटवू नका, कारण गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते.

वर्कशॉप आणि साठवण एकाच खोलीत ठेवावी का?

मधे भिंत घाला, निदान जमिनीपासून छपरापर्यंत घट्ट बसणारा आडोसा तरी. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेली आहे आणि ती साठवलेल्या प्रत्येक वस्तूवर बसते. धूळ मशीनपाशीच ओढून घ्या. आगीच्या दृष्टीनेही हा आडोसा मोलाचा आहे. जुन्या छपराच्या फटींत चाऱ्याचा भुसा अडकलेला असतो, त्यात वेल्डिंगची एक ठिणगी पडली की तो काही वेळ धुमसून मग पेटू शकतो. वेल्डिंगनंतर निदान एक तास कोणीतरी तिथे थांबलंच पाहिजे. जवसाचं तेल लागलेली फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात टाकून झाकण लावा.

उंदीर कसे रोखायचे?

६ मिलिमीटरची फट लहान उंदराला पुरते. झरोक्यांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची लोखंडी जाळी लावा, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका. रॅक भिंतीपासून अर्धा मीटर लांब आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा. मागे बघता आणि झाडता आलं की घरटं होत नाही.

दार मोठं करायचं आहे. भिंत फोडण्यापूर्वी काय बघू?

आधी मोठं दार खरंच लागतं का ते मोजा. प्लायवूडचा पूर्ण तक्ता २.४४ बाय १.२२ मीटर असतो आणि तो उभा धरून साध्या दारातूनही येतो. रुंदी लागते ती गाडीला आणि एखाद्या मशीनला. फोडायचंच ठरलं तर वरचं वजन टेकूंवर घेऊन, नवी तुळई दोन्ही बाजूंना निदान १५० मिलिमीटर भिंतीवर टेकवून, मगच खालचा भाग काढायचा. कोपऱ्याजवळ भिंत फोडू नका, इमारतीची खरी ताकद कोपऱ्यांत असते.

सगळं झालं. आता सामान एकदम भरून टाकू का?

एकदम नको. आर्द्रता मोजणारी दोन साधी मीटरं आणा. एक लोणा आलेल्या भिंतीजवळ, एक खोलीच्या मध्यावर टांगा, आणि वर्षातला सगळ्यात दमट काळ जाईपर्यंत आकडे लिहीत राहा. तोवर प्लास्टिक, काच, दगड असं ओलीने न बिघडणारं सामान ठेवायला हरकत नाही. दोन्ही मीटरं ६० च्या खाली राहू लागली की लोखंड आणा. कागद, कापड आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यानंतर, आणि त्याही जाड झाकणाच्या पेट्यांतच.